जुन्या घराला नवी खोली

“घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून” ही म्हण ज्या कोणा अनुभवी गृहस्थानें प्रथम उच्चारली, त्याच्या आयुष्यांत तिसरा एक प्रसंग आला नसावा असें वाटतें. तो प्रसंग म्हणजे जुन्या घराला नवी खोली जोडण्याचा. नवें घर बांधणारा माणूस निदान सावध तरी असतो. तो चार जाणत्यांना विचारतो, जमीन पाहतो, पायावर खर्च करतो. परंतु एकच खोली वाढवावयाची म्हटली कीं, “एवढीशी तर खोली, तिला पाया तो कितीसा लागणार ?” असें म्हणून आपण मोकळे होतों. या एका वाक्यानें किती घरांच्या भिंतींना भेगा पाडल्या असतील तें सांगवत नाहीं. आमच्या घरावरचा तो प्रसंग थोडक्यांत टळला. ती हकीकत आणि तिच्यावरून आम्ही जें शिकलों तें, या महिन्यांत वाचकांपुढें ठेवावें असें योजिलें आहे.

आमचें घर नारायण पेठेंत, मुठेच्या पात्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. खालीं ओटी, माजघर व स्वयंपाकघर. वर निजावयाच्या खोल्या. आणि मागें लहानसें परसूं. घरांत तीन पिढ्यांचीं मिळून दहा माणसें. आईला अठ्ठ्याहत्तरावें वर्ष लागलें आणि तिच्या गुडघ्यांनीं जिन्याशीं असहकार पुकारला. कठड्याला धरून ती एकेक पायरी चढूं लागली कीं वहिनीच्या हातांतलें काम थांबे. २०२४ च्या उन्हाळ्यांत आई एकदां शेवटच्या दोन पायऱ्यांवरून घसरली. दैवानें हाड मोडलें नाहीं. पण त्याच रात्रीं दादानें ठरविलें कीं परसांत न्हाणीघरासह एक खोली बांधावयाची आणि आईला खालीं आणावयाचें. नकाशा झाला, महानगरपालिकेची परवानगी मिळाली, कंत्राटदार ठरला. त्यानें परसांत चुन्याच्या रेघा मारल्या आणि आश्वासन दिलें, “अडीच फूट खोदूं, दगड ठोकूं, वर काँक्रीट. दिवाळीच्या आंत आजी नव्या खोलींत निजतील.” गणपति बोळविले कीं कुदळ मारावयाची असा बेत होता.

त्या वर्षीं अनंत चतुर्दशी १७ सप्टेंबरला होती. पुढें तीनच दिवसांनीं, २० सप्टेंबर २०२४ रोजीं, बुधवार पेठेंत सिटी पोस्टाच्या आवारांत महानगरपालिकेची ड्रेनेज साफ करणारी एक अवजड गाडी पाहतां पाहतां जमिनींत गेली. फरसबंदी केलेलें, रोजच्या वापरांतलें तें आवार. त्यांत एकाएकीं खड्डा पडला आणि त्यानें अख्खी गाडी गिळली. चालक वांचला, आणि गाडी क्रेन लावून वर काढावी लागली. त्या जागीं पूर्वीं विहीर होती असें वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झालें. ती चित्रफीत सबंध देशानें पाहिली. आमच्या ओटीवर तर ती संध्याकाळभर चालू होती.

गौरींसाठीं आलेली आमची आत्या अजून घरींच होती. तिला शहाऐंशीवें वर्ष चालू आहे असें तिच्याकडे पाहून कोणी म्हणणार नाहीं. तिनें ती चित्रफीत दोनदां पाहिली, चष्मा काढून पुसला आणि विचारलें, “अरे, आपल्या परसांतला आड तुम्हांला ठाऊक आहे ना ?”

कोणालाच ठाऊक नव्हता.

“मग ऐका,” आत्या म्हणाली. “पानशेतच्या पुरांत आपली मागली पडवी पडली. मातीची भिंत ती. पाण्यांत ढेकूळ विरघळावें तशी बसली. पूर ओसरल्यावर घरांत गुडघाभर चिखल, आणि तो टाकायचा कोठें हा प्रश्न. आडाचें पाणी नासलेलेंच होतें. अप्पांनीं पडक्या भिंतीची माती, विटा, मोडके वासे, कुजलेलीं दारें, सगळें त्यांत लोटलें आणि वर मातीचा थर पसरला. पुढें तेथें तगर लावली. तुमच्या त्या चुन्याची पूर्वेकडची रेघ आहे ना, ती नेमकी आडावरून गेली आहे.”

“आत्या, तूं हें आधीं कां बोलली नाहींस ?” दादानें विचारलें.

“मला कोणी विचारलें होतें कां ?” एवढेंच ती म्हणाली. त्या उत्तरावर कोणी बोलण्यासारखें नव्हतें.

१२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें अपुरें धरण फुटलें, त्या लोंढ्यानें खालचें खडकवासल्याचें धरणहि फोडलें, आणि मुठेच्या कांठच्या पेठांतील हजारों घरें पाण्याखालीं गेलीं. ज्या वाड्यांच्या भिंती मातीच्या, किंवा विटांच्या पण मातींत रचलेल्या होत्या, ते कांहीं तासांच्या पाण्यानें कोसळले. त्या दिवसाची आठवण सांगणारीं माणसें आतां थोडीं उरलीं आहेत. पण त्या आठवणीबरोबर जमिनीचीहि एक माहिती नाहींशी होत आहे, हें त्या संध्याकाळपर्यंत आमच्या ध्यानांत आलें नव्हतें.

पुण्याची जमीन वरून दिसते तितकी एकजिनसी नाहीं. नानासाहेब पेशव्यांनीं अठराव्या शतकाच्या मध्यास कात्रजचें पाणी बांधीव नळानें शहरांत आणलें आणि तें पेठापेठांतील हौदांत खेळविलें. वाड्यांतून आड होते, सार्वजनिक विहिरी होत्या. नळाचें पाणी घरोघर आल्यावर त्यांतले बहुतेक बुजले, कांहींवर नुसती लादी पडली. पर्वतीच्या पायथ्याशीं त्याच काळांत केलेलें तळें आटून तेथें आज सारसबाग झाली आहे. परंतु आंतल्या देवाला लोक अजून तळ्यांतला गणपतिच म्हणतात. आंबील ओढ्याचा प्रवाह पेशवाईंत वळविला गेला. मूळ पात्र माणसांनीं पुसलें, तरी ओढ्यानें आपला स्वभाव टाकला नाहीं, हें २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रींच्या पुरानें दाखवून दिलें. हौद, झरी, ओढा, तळें, आड हे शब्द ज्या ठिकाणाच्या नांवांत आहेत, तेथें बांधणारानें त्या नांवाला कागदपत्राइतकाच मान द्यावा.

बुजविलेला आड धोक्याचा कां, तें समजण्यास शास्त्राची पदवी नको. ओतलेली माती आपल्याच भारानें कित्येक वर्षें बसत राहते. मध्यें अडकलेल्या विटांच्या खालीं पोकळ्या राहतात. लाकूड कुजतें आणि त्याची जागा रिकामी होते. दर पावसाळ्यांत पाण्याबरोबर बारीक माती खालीं उतरते. वरचा हातभर थर मात्र कमानीसारखा टिकून असतो. त्यावर मुलें खेळतात, झाडें वाढतात, आणि सर्वांना वाटतें कीं जमीन घट्ट आहे. ज्या दिवशीं तिच्यावर भिंतीचा भार येतो, किंवा शेजारचा नळ झिरपूं लागतो, त्या दिवशीं ती कमान मोडते.

आड नसला तरी निर्धास्त राहण्याचें कारण नाहीं. आपल्या या भागांत वर काळी माती, खालीं मुरूम आणि त्याखालीं काळा पत्थर असा क्रम पुष्कळ ठिकाणीं आढळतो. काळ्या मातींत मॉन्टमोरिलोनाइट नांवाचें खनिज असतें. तें पाणी पिऊन फुगतें आणि वाळलें म्हणजे आकसतें. वैशाखांत शेताला ज्या भेगा पडतात त्या याचमुळें. या मातीवर उथळ पाया ठेवला तर घर पावसाळ्यांत उचललें जातें आणि उन्हाळ्यांत खालीं बसतें. दरवर्षीं श्रावणांत जें दार अडतें आणि होळीच्या सुमारास आपोआप सुटतें, त्याचा दोष पुष्कळदां सुताराकडे नसून पायाकडे असतो. मुरूम असा फुगत नाहीं. म्हणून पाया काळी माती ओलांडून मुरमांत न्यावा अशी जुन्या गवंड्यांची शिकवण आहे. जेथें मुरूम फार खोल आहे तेथें तळाशीं फुगीर केलेले काँक्रीटचे खांब जमिनींत उतरवून त्यांवर तुळई टाकतात. रुरकीच्या मध्यवर्ती गृहनिर्माण संशोधन संस्थेनें ही पद्धत आपल्या देशांत रुळविली.

येथें एक गोष्ट नीट लक्षांत घेतली पाहिजे. सगळें घर सारखेंच इंचभर खचलें तर तें कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं. घर फाटतें तें कमीअधिक खचण्यामुळें. जुन्या घराचें बसणें तीस-चाळीस वर्षांपूर्वींच आटोपलेलें असतें. नव्या खोलीचें बसणें ती बांधल्यावर सुरू होतें. अशा दोघांना विटांचे दांते काढून एकमेकांत घट्ट गुंतविलें म्हणजे नवी खोली खालीं जातांना जुन्या भिंतीला ओढते. मजबुतीसाठीं केलेली ही जवळीक भेगेचें कारण होते. दोहोंच्या भिंती स्वतंत्र ठेवून मध्यें बोटभर फट सोडणें हाच शहाणपणा. त्या फटींत मऊ वस्तु भरून वरून पट्टी लावावी, आणि तीहि एकाच बाजूला ठोकावी, म्हणजे दुसरी बाजू हलावयास मोकळी राहते.

आत्याचें बोलणें ऐकून दादानें दुसऱ्याच दिवशीं एका अनुभवी स्ट्रक्चरल इंजिनिअरांना बोलाविलें. त्यांनीं प्रथम चाचणीचे दोन खड्डे घ्यावयास सांगितले. हें ऐकून आमच्या थोरल्या काकांना आनंद झाला, कारण त्यांना वराहमिहिर आठवला. सहाव्या शतकांतल्या बृहत्संहितेंत जमिनीची एक परीक्षा दिली आहे. हातभर लांब, रुंद आणि खोल खड्डा खणावा आणि निघालेली माती त्याच खड्ड्यांत परत भरावी. माती उरली तर भूमि उत्तम, बरोबर झाली तर मध्यम, कमी पडली तर ती वर्ज्य समजावी. यांतलें मर्म उघड आहे. घट्ट जमीन खणली कीं सैल होऊन वाढते. पोकळ जमिनीची माती ठासतांना कमी पडते. काकांनीं ही परीक्षा मुलांकडून करविली. पश्चिमेच्या कोपऱ्यांत पाटीभर माती उरली. पूर्वेकडे मात्र खड्डा भरेना, शेजारची माती ओढून घ्यावी लागली. इंजिनिअर हंसले नाहींत. ते म्हणाले, “परीक्षा खरीच आहे, पण ती हातभर खोलीपुरती. आपल्याला आणखी खालचें पाहावयाचें आहे.”

पश्चिमेच्या खड्ड्यांत दीड फूट भराव, मग काळी माती, आणि साडेचार फुटांवर पिवळसर मुरूम लागला. पूर्वेच्या खड्ड्यांत तीन फुटांवर विटांचे तुकडे आणि काळें पडलेलें लाकूड निघालें; त्यापुढें पहार टाकली तर ती जवळजवळ स्वतःच्याच वजनानें खालीं गेली. कंत्राटदाराचा एक मजूर आंत उतरूं लागला, त्याला इंजिनिअरांनीं दरडावून थांबविलें. जुन्या बुजल्या आडांत प्राणवायु नसतो, दूषित वायु सांचलेला असतो, आणि कडाहि केव्हां ढासळतील त्याचा नेम नसतो. अशा जागीं माणूस कधींहि उतरवूं नये. जें काढावयाचें तें यंत्रानें वरूनच काढावें. ही सूचना वाचकांनीं विसरूं नये, कारण तिच्यांत जीव वांचविण्याची गोष्ट आहे.

मग घरांत खल सुरू झाला. इंजिनिअरांची योजना अशी होती : आडांतील सैल भर जेवढी निर्धोकपणें निघेल तेवढी काढावयाची. त्या जागीं मुरूम व दगड सहा-सहा इंचांच्या थरांनीं, पाणी मारून आणि ठोकून भरावयाचा. पूर्वेची भिंत त्या भरावावर मुळींच ठेवावयाची नाहीं. आडाच्या दोन्ही अंगांना मुरमापर्यंत नेलेल्या खांबांवर लोखंडी सळ्यांची काँक्रीटची तुळई टाकून तिच्यावर भिंत उभारावयाची, म्हणजे आड पुलाखालच्या ओढ्यासारखा खालीं राहील आणि भार अंगाला घेणार नाहीं. जुन्या घराला लागून खोदतांना चर एकदम सबंध उघडावयाचा नाहीं. तीन-चार फुटांचा तुकडा खोदून, भरून, मग पुढचा घ्यावयाचा, आणि जुन्या पायाच्या तळाखालीं जावयाचें नाहीं. हें सारें पावसाळ्याची ओल उतरल्यावर करावयाचें.

म्हणजे दिवाळी हुकली, आणि खर्च अंदाजाच्या जवळजवळ दीडपट झाला. कंत्राटदार म्हणाला, “साहेब, आसपास सगळ्यांनीं अडीच फुटांवरच बांधलें आहे. कोणाचें काय झालें ?” दादाचें मन क्षणभर डळमळलें. आईला आणखी सहा महिने जिना चढावयास लावणें हें त्याला भिंत फाटण्यापेक्षां मोठें संकट वाटत होतें, आणि त्यांत त्याची कांहीं चूक होती असें मी म्हणणार नाहीं. मुलाला आई आज दिसते. भेग दहा वर्षांनीं दिसावयाची असते.

काकांनीं त्या वेळीं पिसाच्या मनोऱ्याची गोष्ट काढली. ११७३ सालीं त्याचें काम सुरू झालें आणि तिसरा मजला चढतां चढतांच तो एका अंगाला मऊ मातींत खचूं लागला. पुढें लढायांमुळें काम कित्येक वर्षें बंद पडलें. आजचे तज्ज्ञ म्हणतात कीं तो खंड पडला नसता तर मनोरा तेव्हांच कोसळला असता. थांबलेल्या काळांत खालची माती दबून घट्ट झाली म्हणून तो उभा राहिला. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचें कलणें वाढत गेल्यामुळें १९९० मध्यें तो लोकांस बंद करण्यांत आला. उंच बाजूच्या पायाखालून थोडी थोडी माती काढून त्याला चाळीस सेंटिमीटरांहून अधिक सरळ केल्यावर २००१ मध्यें तो पुन्हां उघडला. “मातीला वेळ दिला तर ती सांभाळून घेते, न दिला तर ती आपला वेळ आपण घेते,” काका म्हणाले.

आई आतांपर्यंत गप्प होती. ती म्हणाली, “माझी खाट माजघरांत आणा. देवांच्या फडताळाजवळ जागा आहे. माझ्यासाठीं घाई करूं नका; मी दहा वर्षें राहीन कीं दोन, ती खोली पुढच्यांना वापरायची आहे.” त्याच रात्रीं खाट खालीं आली. जिना सुटला तो खोलीमुळें नव्हे, तर माजघरांतलें एक कपाट हलविल्यामुळें. आणि हें आम्हांपैकीं कोणालाहि आधीं सुचलें नव्हतें, याची मला अजून लाज वाटते.

दिवाळीनंतर काम सुरू झालें आणि पाडव्याच्या सुमारास आई नव्या खोलींत राहावयास गेली. फरशी मात्र इंजिनिअरांनीं बसवूं दिली नाहीं. एक पावसाळा साधी सिमेंटची जमीन असूं द्या म्हणाले. २०२५ चा पावसाळा भरपूर झाला. नवरात्रांत ओळंबा आणि पाणसळ लावून पाहिली, तेव्हां आडाच्या बाजूचा कोपरा पाव इंच खालीं गेलेला आढळला. भिंत जागची हलली नव्हती, जुन्या घराला रेघहि उमटली नव्हती. कोपरा सारखा करून मग फरशी बसविली. जोडावरची पट्टी केसभर सरकली आहे. ती पाहिली कीं कंत्राटदाराची पहिली चुन्याची रेघ आठवते.

ज्यांच्या घरांत असा बेत चालू असेल त्यांच्यासाठीं आणखी चार गोष्टी. छपराचें पाणी पायाशीं ओतूं देऊं नये. पन्हळ लांब न्यावी आणि भिंतीच्या कडेनें तीन फूट उताराची फरसबंदी करावी. पाण्याचा किंवा मोरीचा झिरपता नळ आज दुरुस्त करावा, कारण काळ्या मातीला तो बारमाही पावसाळाच असतो. मोठें झाड त्याच्या उंचीइतकें तरी घरापासून दूर असावें. त्याचीं मुळें उन्हाळ्यांत मातींतलें पाणी शोषून तिला आकसवितात. आणि भेग दिसली तर लगेच गिलावा करून ती झांकूं नये. गिलाव्यावरची केसासारखी रेघ सहसा निरुपद्रवी असते. विटांच्या सांध्यांतून जिन्यासारखी तिरपी चढणारी आणि वरच्या बाजूला रुंद होत जाणारी भेग मात्र बहुधा भिंतीचें टोक खचल्याचें सांगते. तिच्या दोन्ही टोकांशीं पेन्सिलीनें खूण करून तारीख लिहावी, वर काचेची पातळ पट्टी प्लास्टरनें चिकटवावी. पट्टी वर्षभर शाबूत राहिली तर भेग जुनी व थांबलेली समजावी. तडकली तर वेळ न दवडतां जाणकारास बोलवावें.

आणि या सर्वांच्या आधीं घरांतल्या सर्वांत वृद्ध माणसापाशीं जाऊन बसावें. तलाठ्याच्या दप्तरांत व महानगरपालिकेच्या नकाशांत पुष्कळ कांहीं असतें. पण तगरीच्या झाडाखालीं काय आहे तें त्यांत नसतें. आत्या सांगण्यास तयार होती, आम्हींच विचारलें नव्हतें. यंदां ती गौरींना आली तेव्हां नव्या खोलीच्या पूर्वेकडच्या भिंतीला हात लावून थोडा वेळ उभी राहिली. “आडाचें पाणी गोड होतें हो,” एवढेंच ती म्हणाली, आणि आंत आईशीं बोलत बसली.